गाव सुटल्यावर गावचे सोबती

वऱ्हाडातील मनुष्य परक्या शहरात दुसऱ्या वऱ्हाडी मनुष्यास भेटला म्हणजे तो आधी नाव विचारीत नाही, गाव विचारतो. "कोन्या गावचे हो तुमी?" ह्या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे सारे संभाषण अवलंबून असते. गाव दर्यापूरकडचे निघाले तर तेथला एखादा आतेभाऊ निघतो, बाळापूरकडचे निघाले तर एखादा मास्तर निघतो, आणि घटकाभरात दोघेही एकाच माणसाविषयी बोलू लागतात. ह्यात नुसता चौकसपणा नाही, सोयही आहे. वानखडे, इंगळे, गावंडे, देशमुख ही आडनावे अमरावती व अकोला ह्या दोन जिल्ह्यांत इतकी पसरली आहेत की केवळ आडनावावरून माणूस सापडणे कठीण. गाव, बापाचे नाव आणि घर माळीपुऱ्यात की कुंभारपुऱ्यात, एवढे कळले म्हणजे मात्र तो हमखास सापडतो.

गावी असताना शेजारी म्हणजे काका, मामा, माय, आजी अशा नात्यानेच हाक मारावयाचा माणूस. हे गावनाते रक्ताचे नसे आणि सोयरिकीचेही नसे. जातीच्या भिंती होत्या, पाणवठ्यापाशी तर त्या फारच उंच होत्या, हे लपविण्यात अर्थ नाही. तथापि गावची लेक ती साऱ्या गावाची लेक आणि तिचा नवरा तो साऱ्या गावचा जावई, हा रिवाज पुष्कळ घरांतून पाळला जात असे. अशा गावातून बाहेर पडलेला मनुष्य जुन्या सोबत्यांशी व शेजाऱ्यांशी नाते टिकवितो कसा, आणि ते तुटते कोठे, हे पाहण्यासारखे आहे.

ह्या बाबतीत कोकण व गोमंतक वऱ्हाडाच्या पुष्कळ पुढे गेले होते. मुंबईच्या गिरणगावात कोकणातील माणसांनी गावकीच्या खोल्या धरल्या. एका गावची दहावीस माणसे एका खोलीत राहत, पाळीपाळीने निजत, आणि गावाहून नवा मुलगा आला की त्याची पथारी तेथेच पडे. गोमंतकीय ख्रिस्ती लोकांनी धोबीतलावाच्या आसपास गावागावांच्या नावाने 'कूड' स्थापन केले. बोटीवर नोकरीस जाणारा खलाशी बोट मिळेपर्यंत आपल्या गावच्या कुडात उतरे आणि सायंकाळी सर्वांबरोबर प्रार्थनेस बसे. मनुष्य गाव सोडून गेला तरी गावची एक खोली त्याच्या आधी शहरात जाऊन बसलेली असे.

वऱ्हाडी माणसाने असे काही उभारले नाही. त्याचे कारण त्याच्या आळसात शोधू नये, कापसात शोधावे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले असता इकडच्या कापसास सोन्याचा भाव आला, आणि १८६७ साली भुसावळ-नागपूर लोहमार्ग पुरा होऊन अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही स्थानके थेट मुंबईच्या गोदीशी जोडली गेली. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण सर्वांच्या तोंडी झाली. त्या दिवसांत मारवाड, गुजरात, कच्छ येथील व्यापारी पोटासाठी वऱ्हाडात येत. वऱ्हाडी माणसाला बाहेर जाण्याचे प्रयोजन नव्हते. त्यामुळे बाहेर गेलेल्यांनी एकत्र राहावे कसे, ही विद्या तो शिकलाच नाही. पुढे कापसाचे दिवस पालटले, जमिनीचे वाटे झाले, पोरे शिकली आणि नागपूर, पुणे, मुंबई येथे पांगली. ती पांगली तीही एकेकटी.

एकेकटी म्हटले तरी त्यांची पहिली पायरी बहुधा एकच असे, ती म्हणजे तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे हायस्कूल. खेड्यात चौथीपर्यंत, फार तर सातवीपर्यंत शाळा. पुढे शिकावयाचे तर अमरावती किंवा अकोला गाठावे लागे. पापळसारख्या खेड्यातून निघून विलायतेपर्यंत शिकून आलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी ही अडचण ओळखली, आणि अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढून निरनिराळ्या जातींची खेड्यांतील मुले एका छपराखाली आणली. त्यांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेची हायस्कुले पुढे वऱ्हाडभर पसरली. ज्यांस छात्रालय मिळाले नाही ते दोघेतिघे मिळून खोली घेत. अशा मुलांचा जेवणाचा डबा पुष्कळदा गावाहून सकाळच्या एस.टी.ने येई. आईने पहाटे उठून भाकरी, पिठले, मिरचीचा ठेचा बांधून द्यावा, कंडक्टरने तो बोनेटजवळ ठेवावा, आणि स्टँडवर एका मुलाने जाऊन गावच्या सगळ्यांचे डबे उतरून घ्यावेत. ज्याने दोन वर्षे दुसऱ्याचा डबा उचलला, त्याचे नाव तो दुसरा जन्मभर विसरत नाही. वऱ्हाडात कूड नव्हते, पण हा डबा होता.

शिक्षण संपून नोकरी लागली म्हणजे मध्ये टपाल येई. हिंदुस्थानात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले आणि त्याची किंमत पाव आणा, म्हणजे त्या वेळचा एक पैसा होती. आजही साधे कार्ड पन्नास पैशांत मिळते, ही गोष्ट नव्या पिढीस सांगितली तर खरी वाटत नाही. त्या इवल्याशा जागेत सा. न. वि. वि. पासून आरंभ होई, पीकपाण्याची हकीकत येई, आणि शेवटल्या दोन ओळींत शेजारीपाजारी नावानिशी येत: अमक्या काकांस नमस्कार, तमक्याच्या मुलास आशीर्वाद. कार्ड उघडे, म्हणून ते पोस्टमन वाची, वाचता न येणाऱ्यांस शाळामास्तर वाचून दाखवी, आणि एका घरचे पत्र निम्म्या आळीचे होई. अशुभ वार्तेचे कार्ड तेवढे घरात ठेवीत नसत. वाचले की फाडून टाकीत. १९७२ च्या १५ ऑगस्टला पिनकोड आला. तो बसविणारे टपालखात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे नामांकित कवी होते, हा एक गमतीचा योग. तेव्हापासून अकोला-अमरावतीकडच्या पत्त्यावर ४४४ हे तीन आकडे आरंभी आले, आणि परगावी ते आकडे दिसले तरी वऱ्हाडी मनुष्य पाकीट उलटून पाहू लागला.

पत्राखेरीज, मुद्दाम न ठरविता भेटी होण्याची काही ठिकाणे होती. मूर्तिजापुराहून एकीकडे यवतमाळ आणि दुसरीकडे अचलपूर अशी अरुंद रुळांची आगगाडी धावे. तिला लोक 'शकुंतला' म्हणत. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. तिची गती इतकी मंद की दर्यापूर ते अंजनगाव एवढ्या अंतरात डब्यातील प्रत्येकाची साद्यंत चौकशी होई. आता ती गाडी बंद आहे. दुसरे ठिकाण बहिरमची यात्रा. चांदूर बाजार तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी ती २० डिसेंबरपासून महिन्याहून अधिक काळ भरते. कुटुंबेच्या कुटुंबे राहुट्या ठोकून राहत, गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजत आणि वर्षभरात न भेटलेला माणूस तेथे हटकून भेटे. पहिल्या वेचणीचा पैसा तोवर हाती आलेला असे. यात्रेची तिथी जुन्या लोकांनी उगाच निवडलेली नाही. अकोल्यात श्रावणाच्या शेवटल्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी खांद्यावरून आणून राजराजेश्वरास घालतात. त्या कावडीसाठी बाहेरगावी नोकरी करणारा जुन्या शहरातला पोरगा अजूनही रजा टाकून येतो.

आता काळ भ्रमणध्वनीचा आहे. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि शाळेच्या एकेका वर्गाचे गट व्हॉट्सॲपवर निघाले. वीस-पंचवीस वर्षे ज्याचा ठावठिकाणा नव्हता तो एका आठवड्यात सापडतो, ही गोष्ट लहान नव्हे. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावतीस पुन्हा टाळेबंदी आली तेव्हा, आणि त्यानंतरच्या भयंकर दोन महिन्यांत, अशा गटांतून रुग्णालयातील खाटेची, औषधाची, गावी एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्या आईबापांची चौकशी झाली. पूर्वी जे काम कार्डाने आठ दिवसांत होई ते आठ मिनिटांत झाले. ह्या साधनास नावे ठेवणारांनी एवढे तरी मान्य केले पाहिजे.

परंतु ह्या गटांचे आणि त्यांतून भरणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यांचे एक वैगुण्य आहे, आणि ते साधनाचे नसून मोजणीचे आहे. गट बहुधा दहावीच्या वर्षाचा असतो. महाराष्ट्रात दहावीची शालान्त परीक्षा १९७५ पासून सुरू झाली. त्याआधी अकरावीस मॅट्रिक होई. वर्ष दहावीचे धरा की अकरावीचे, दोन्ही वेळा मोजणी शेवटल्या बाकापासून होते. पहिलीत जी मुले पाटी घेऊन शेजारी बसली त्यांतील किती शेवटल्या वर्गापर्यंत पोचली? कोणी चौथीनंतर गुरे राखावयास गेला, कोणी सालगडी राहिला, कोणाचा बाप वारला, कोणा मुलीस धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी बसविले. ही सारी मंडळी शाळासोबतीच होत. गटात मात्र त्यांचे नाव नसते. मेळाव्याच्या दिवशी ती त्याच गावात, शाळेपासून हाकेच्या अंतरावर असतात आणि ध्वनिक्षेपकावरून चाललेली भाषणे घरूनच ऐकतात.

ह्यास एक सोपा उपाय प्रत्येक शाळेच्या कपाटात पडून आहे. विदर्भात त्याला दाखल-खारीज रजिस्टर म्हणतात. मुलाचे नाव, बापाचे नाव, जन्मतारीख, शाळेत दाखल झाल्याचा दिवस, शाळा सोडल्याचा दिवस आणि सोडण्याचे कारण असे त्यात रकाने असतात. जातीच्या दाखल्यासाठी आजोबाची नोंद हवी म्हणून आज पुष्कळ लोक तेवढ्यापुरते ते उघडावयास लावतात. पण ज्यास आपले सोबती खरोखर शोधावयाचे आहेत त्याने पहिलीच्या वर्षाचे पान पाहावे. त्यातील शेवटचा रकाना सावकाश वाचण्यासारखा असतो. 'गाव सोडले', 'सतत गैरहजर', 'नाव कमी केले' अशा दोन-तीन शब्दांत एकेका मुलाचे शिक्षण संपलेले दिसते. 'सतत गैरहजर' ह्या शब्दांच्या मागे कापसाची वेचणी असते की आजारपण असते, हे रजिस्टर सांगत नाही. ते वर्गातील सोबत्यांस ठाऊक असते. रजिस्टरात जातीचाही रकाना असल्यामुळे मुख्याध्यापक ते कोणाच्याही हाती देणार नाहीत, व देऊही नये. त्यांस नम्रपणे अर्ज करून नावांची यादी तेवढी त्यांच्याच हातून उतरून घ्यावी, आणि पानांची छायाचित्रे गटावर टाकण्याचा मोह टाळावा.

मुलींच्या बाबतीत तर हे रजिस्टर हाच एक धागा उरतो. लग्नानंतर मुलीचे आडनाव बदलते, पुष्कळ ठिकाणी नावही बदलत असे, आणि ती अकोटहून मोर्शीस किंवा कारंज्याहून परतवाड्यास गेली की माहेरच्या वर्गातून पुसली जाते. तिला शोधण्याचा मार्ग भ्रमणध्वनीतून जात नाही, तिच्या भावाच्या घरावरून जातो. येथे जुने गावनाते उपयोगी पडते. गावचा मुलगा गावच्या लेकीकडे भाऊ म्हणून गेला तर सासरच्या मंडळींस ते वावगे वाटत नाही. वर्गमित्र म्हणून गेला तर अजूनही काही घरांतून भुवया उंचावतात. शहरातील वाचकांस हे मागासलेपण वाटेल. पण साठीच्या बाईस भेटावयाचे असेल तर तिच्या घरच्या रीतीने जावे, ह्यात कमीपणा काय?

मेळावा भरवावयाचा तर तो केव्हा, हाही विचार होत नाही. शहरच्या मंडळींस सुटी दिवाळीत असते म्हणून मेळावा दिवाळीत ठरतो. पण नेमकी त्याच वेळी सोयाबीनची मळणी उरकलेली नसते, कपाशी फुटून वेचणीस मजूर मिळत नसतात आणि हरभऱ्याची पेरणी अंगावर आलेली असते. गावातला सोबती येतो तो अर्ध्या तासासाठी, धुळीच्या पायांनी, आणि मागच्या खुर्चीवर बसतो. त्यापेक्षा होळी ते पाडवा हा काळ बरा. रब्बीचे बहुतेक आटोपलेले असते, आणि अकोल्याचे ऊन अद्याप माणसाला घराबाहेर पडू न देण्याइतके तापलेले नसते. खर्चाचेही तसेच. मंगल कार्यालय, मोठमोठे फलक, शाली, स्मृतिचिन्हे ह्यांची वर्गणी दरडोई हजार-दोन हजार झाली की ज्यास ती जड जाते तो काहीतरी निमित्त सांगून राहतो आणि त्या निमित्तावर सर्वांचा विश्वास बसतो. शाळेच्या पटांगणात गोवऱ्या पेटवून रोडगे व वांग्याची भाजी केली तर खर्च थोडा होतो, कामास सर्वांचे हात लागतात, आणि रोडगे भाजण्यात गावातला सोबतीच शहरच्यांचा गुरू ठरतो.

हा केवळ सोयीचा प्रश्न असता तर त्यावर इतके बोलण्याचे कारण नव्हते. २००६ च्या जुलैमध्ये त्या वेळचे पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग विदर्भात आले आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. त्या सहांत अमरावती व अकोला होते. यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा हे इतर चार. त्यानंतर कर्जमाफ्या झाल्या, समित्या झाल्या, तरी ती दुःखद मालिका थांबलेली नाही. जे शेतकरी ह्या मार्गाने गेले ते कोणाचे तरी वर्गसोबती होते. कर्जाची गोष्ट माणूस बायकोपासून लपवितो, पाहुण्यांपासून लपवितो. ज्याच्याबरोबर लहानपणी बोरे चोरली त्याच्याजवळ ती एखादे वेळी निघते, मात्र तो समोर, एकटा आणि घाई नसलेला असला तर. शंभर जणांच्या गटावर ती कधीच निघत नाही. तेथे कोणी नव्या मोटारीचे चित्र टाकलेले असते, कोणी मुलाच्या परदेशगमनाचे. त्याखाली "यंदा बोंडअळीने काही उरले नाही" असे लिहावयास फार मोठे मन लागते. गटात जो चार-सहा महिने काहीच लिहीत नाही, त्याला आळशी समजू नये. त्याच्या घरी जावे, निदान त्या एकट्यास दूरध्वनी करावा, आणि बोलणे पिकापासून आरंभ न करता मुलाबाळांपासून करावे.

काही गावे तर जागच्या जागी राहिली नाहीत. मोर्शीजवळच्या ऊर्ध्व वर्धा धरणाने काही गावे उठली. मेळघाटातील व्याघ्रप्रकल्पामुळे बोरी, कोहा, कुंड यांसारखी कोरकू वस्तीची गावे ह्या शतकाच्या आरंभापासून खाली अकोट तालुक्याच्या बाजूस आणून वसविली गेली. अशा गावच्या माणसास 'गावी जाऊन येतो' असे म्हणता येत नाही. त्याच्या जवळ गाव म्हणून जे उरले ते सारे शेजारीच.

बाकी गावांतून ज्याच्या बळावर हे सारे चालते तो मनुष्य बहुधा गटाचा चालकही नसतो आणि मेळाव्याचा अध्यक्षही नसतो. गावातच राहिलेला एखादा किराणा दुकानदार, शिंपी, डाकसेवक किंवा चक्कीवाला असा तो असतो. कोणाची आई अंथरुणास खिळली, कोणाचे घर पावसाने बसले, कोणाची मुलगी बाळंतपणास आली, हे त्याला ठाऊक असते आणि योग्य त्या माणसास योग्य वेळी कळविण्याचे तारतम्यही असते. लग्नाची पत्रिका सर्वांसच जाते. मौतीस कोणाला बोलवावे लागत नाही, पण कळवावे लागते, आणि ते तो कळवितो. शहरात गेलेल्या सोबत्याने दहा लग्ने चुकविली तरी गाव क्षमा करते. तेरवीपर्यंत एकदाही दारात आला नाही तर ते लक्षात राहते.

उलट दिशेनेही हेच चालते. गावचा रोगी प्रथम अमरावतीस 'इर्विन'मध्ये किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात जातो. तेथून पुढे नागपूरच्या 'मेडिकल'मध्ये किंवा सेवाग्रामला पाठविला की बरोबरच्या माणसांस ते शहर परके असते. त्या वेळी चक्कीवाल्याचा दूरध्वनी नागपुरास स्थायिक झालेल्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याकडे जातो. रोगी कदाचित त्याच्या वर्गात कधीच नसतो. आळीतला, दोनचार वर्षांनी मोठा, तिसरीतून शाळा सोडलेला असतो. तरी सायंकाळी वॉर्डाच्या दाराशी भाकरी, पिठले आणि ठेच्याचा डबा घेऊन कोणी उभा राहतो, आणि खाटेवरचा मनुष्य त्याला त्याच्या बापाच्या नावाने ओळखतो.